दोन घटिका उशिरा येणारी भरती

कृतयुगात धर्म चारही पायांवर उभा होता, आणि समुद्रही तेव्हा नेमाने वागत असे. सूर्य माथ्यावर आला की भरती पूर्ण होई, तो ढळला की ओहोटी लागे, आणि त्यात पळाचाही फरक पडत नसे.

त्या काळी पश्चिमसागरात नीलवेल नावाचे एक द्वीप होते. नारळी-पोफळींनी श्यामल, केतकीवनांनी सुगंधित, शुभ्र वाळूची मेखला ल्यालेले असे ते द्वीप. त्याच्या एका काळ्या कड्याच्या पोटात शंखमुख नावाचे विवर होते. भरतीचे पाणी त्यात शिरले म्हणजे ताडाएवढा फवारा गगनाला भिडे आणि शंखनादासारखा घोष योजनभर दुमदुमे. त्या द्वीपावर सर्व काही होते, फक्त गोडे पाणी नव्हते. ते जलाधिपती वरुणाच्या हाती होते आणि त्याचा दंडक असा होता: ज्या नवविवाहितांना तेथे आश्रम मांडायचा असेल त्यांनी किनाऱ्याने प्रदक्षिणा करावी, शंखमुखापाशी पतीने द्वीपाचे माहात्म्य गावे आणि पत्नीने ते बसून श्रवण करावे. श्रोत्यावाचून गायलेले माहात्म्य निष्फळ. वरुण संतुष्ट झाला तर झरा देईल, नाहीतर आल्या नौकेने परत जावे.

महातपस्वी तांड्यायन आपल्या नवपरिणीत पत्नीसह, रोचनेसह, तेथे आले ते सहस्र श्लोक रचूनच. द्वीप त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते, पण त्यावाचून रचनेत काही अडले नव्हते.

रोचना नदीकाठच्या तपोवनात वाढलेली. समुद्र ती प्रथमच पाहत होती, आणि नौकेतून उतरताच चूल कोणत्या सुरंगीच्या सावलीत मांडायची हेही तिने मनोमन ठरवून टाकले होते. किनाऱ्याने चालता चालता ती थबकली.

"कल्याणी, काय पाहतेस?"

"खेकड्यांनी ओल्या वाळूच्या गोळ्यांची केवढी रांगोळी घातली आहे, आर्यपुत्र."

"खेकडे माझ्या स्तोत्रात नाहीत. चल, केतकीवन गाठायचे आहे."

केतकीवनात शिरताच ऋषींनी नेत्र मिटून भ्रमरांच्या गुंजारवाचे वर्णन आरंभले. भ्रमर एकही नव्हता. वाटेत एक नाग मात्र निजला होता. रोचनेने पतीच्या वल्कलाचे टोक धरून त्यांना हलकेच बाजूने नेले. पुढे कड्याखालच्या पुळणीवर रथचक्राने उमटवावा तसा एक माग पाण्यातून वर आला होता, आणि त्याच्या शेवटी वाळूचा उंचवटा होता. ही कासविणीच्या अंड्यांची ठेव, हे तिने ओळखले आणि ती तेथे पुन्हा रेंगाळली.

ती दोघे शंखमुखापाशी पोहोचली तेव्हा सूर्य माथ्यावरून ढळला होता. विवरातून म्हाताऱ्याच्या घोरण्यासारखा बारीक आवाज येत होता.

"तुझ्या खेकड्यांनी माझा मध्याह्न खाल्ला," ऋषी म्हणाले. मग त्यांनी कमंडलूतले उदक हाती घेतले. "हे सरित्पते! माझे तप अखंड असेल, तर माझे सहस्र श्लोक पूर्ण होईपर्यंत ओसरू नकोस, चढतच राहा!"

तपाने बांधलेला समुद्र ओसरता थांबून पुन्हा चढू लागला. शंखमुख गर्जू लागले. प्रसन्न होऊन ऋषी नेत्र मिटून गाऊ लागले, आणि रोचना दर्भासनावर बसून ऐकू लागली. श्लोकामागून श्लोक गेले, लाटेमागून लाट चढली. खालच्या पुळणीवर पाणी त्या उंचवट्यापासून हातभर अंतरावर आले.

"आर्यपुत्र," ती हळूच म्हणाली.

ऋषींनी नेत्र न उघडताच तर्जनी उचलली. पठणात खंड नको.

आसन सोडले तर झरा गेला, आश्रम गेला, सुरंगीखालची चूलही गेली, हे रोचना जाणत होती. परतल्यावर सासरी काय ऐकावे लागेल, तेही तिला ठाऊक होते. पुढची लाट आली तेव्हा ती उठली. वाळू उकरून तिने एकेक अंडे पदरात घेतले आणि उंच टेकाडावर नवा खड्डा करून तसेच पुरले.

ऋषींनी नेत्र उघडले तेव्हा समोर दर्भासन रिकामे होते. पठण खंडले, आणि त्यासरशी समुद्र मोकळा होऊन ओसरू लागला. ते तरातरा टेकाडावर गेले.

"मूढे! थोडेच श्लोक उरले होते. तेवढाही धीर तुला धरवला नाही?"

"मला धरवला असता. लाट थांबेना."

शापासाठी कमंडलू उचलला गेला, तोच सागर दुभंगला आणि मकरावर आरूढ झालेला पाशधर वरुण प्रकट झाला.

"तांड्यायना, माझे द्वीप कसे आहे?"

ऋषींनी हात जोडून पहिला श्लोक आरंभला.

"हे ऐकले. आज काय पाहिलेस ते सांग."

ऋषी पुन्हा श्लोकच आठवू लागले. वरुणाने रोचनेकडे पाहिले. तिने खेकड्यांची रांगोळी सांगितली, कासविणीचा माग सांगितला. "केतकीवनात भ्रमर नव्हते. नाग निजला होता. आर्यपुत्रांचे पाऊल त्याच्यापासून वीतभर दूर पडले."

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलेस?" तांड्यायन दचकून म्हणाले.

"स्तोत्र चालू होते."

वरुणाच्या मुखावर मंद हास्य उमटले. "साध्वी, झरा मी तुला देतो. तो या कड्याच्या तळाशी फुटेल. भरतीत तो माझ्या जळाखाली राहील, ओहोटीत तुझा. आणि तांड्यायना, तू माझा नेम मोडलास. मोडलेला नेम मलाही सांधता येत नाही. आजपासून भरती रोज दोन घटिका उशिरा येईल. कालच्या वेळेवर आज कोणालाही विसंबता येणार नाही. पाण्याशी येऊन पाहावे लागेल."

दुसऱ्या दिवशी ऋषी घट घेऊन कड्याखाली गेले. झरा अजून पाण्याखालीच होता. रोचनाही शेजारी येऊन बसली.

"किती वेळ लागेल?"

"पाहू या."

पाणी हळूहळू उतरले. ऋषींच्या पायाशी वाळू हलली, एक खेकडा बाहेर आला आणि गोळ्या मांडू लागला. ते बराच वेळ पाहत राहिले.

"हे असे रोज करतात?"

"रोज. भरती पुसून टाकते ना."

त्या सहस्र श्लोकांतला एकही आज कोणाला येत नाही. नीलवेलीला जाणारा यात्रिक मात्र शंखमुख केव्हा गर्जेल असे विचारतो, तेव्हा तेथला नावाडी आधी पाण्याकडे पाहतो आणि मगच बोलतो.