पेवातली वाफ

एका गावात एक लोहार होता आणि त्याचं डोकं त्याच्या भट्टीपेक्षा लवकर तापायचं. भट्टीला निदान भाता तरी लागतो. ह्याला कुणी नुसतं "बघू" म्हटलं तरी पुरे.

त्याच गावात एक कोठारी होता. तो इतका गोड बोलायचा, की त्याच्या अंगाला मुंग्या कशा लागत नाहीत याचंच नवल. त्यानं वेशीजवळ एक पेव खणलं, म्हणजे धान्य पुरून ठेवायचा खोल खड्डा. तोंडावर दगडी झाकण बसवलं आणि दवंडी पिटली, "घरात जोंधळा ठेवून उंदीर कशाला पोसता? माझ्याकडे एक पोतं ठेवा, सुगीला दीड घेऊन जा."

गाव पडलं शहाणं. एकाचं दीड कसं होणार, आत पोती वितात की काय, असं कुणीही विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, शेजाऱ्यानं विचारलंच असेल. ठेवणाऱ्याला कोठारी तांब्याचा बिल्ला द्यायचा आणि लोक तो गळ्यात घालून मिरवायचे. लोहारानंही कुरकुरत का होईना, लेकीच्या लग्नासाठी साठवलेली पाच पोती तिथं नेऊन टाकली.

पुढं लग्न ठरलं. लोहार बिल्ले घेऊन पोती आणायला गेला.

"आज नको," कोठारी म्हणाला. "पेवात वाफ धरलीय. उतरलेला माणूस गुदमरून मरेल."

हे काही खोटं नव्हतं. बंद पेवातल्या धान्याची वाफ जीव घेते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लोहार माघारी आला. पुन्हा गेला, तर वाफ. त्यानंतर गेला, तर वाफ होतीच आणि वर कोठारी म्हणाला, "शिवाय तू तूच आहेस, याला साक्षीदार आण."

"अण्णा, परवा तुमच्या गाडीच्या चाकाला लोखंडी धाव कुणी बसवली? मीच ना?"

"मला माहीत आहे रे. पण पेवाचा कायदा आहे, त्याला कसं माहीत असणार?"

लोहार बायकोला साक्षीला घेऊन गेला. घरचं माणूस चालत नाही, असं कोठाऱ्यानं सांगितलं.

"घरची आहे म्हणून तर ओळखते," लोहारीण म्हणाली. "ह्यांना परक्या बाईनं ओळखलं असतं, तर तुम्हाला जास्त बरं वाटलं असतं का?"

आता लोहाराचं डोकं असं तापलं, की त्याच्यावर भाकरी भाजून निघाली असती. कोठाऱ्यानं ते ओळखलं आणि दोघांना हळूच मागच्या पडवीत नेलं. तिथं पाच पोती उभी होती.

"वेशीकडच्या म्हातारीनं आज सकाळीच आणून ठेवलीत," तो म्हणाला. "तूच घेऊन जा. फक्त एक कर. गाडी चावडीवरून ने, हलगी लावून. लोकांना दिसू दे, कोठारी शब्दाचा पक्का आहे. मग आणखी चार जण आणून ठेवतील."

लग्न तोंडावर आलेलं. व्याही असा, की जेवणावळ कमी पडली तर वरात परत फिरवायला मागंपुढं पाहणार नाही. समोर पोती, हात लावला की आपली.

"घ्या की," बायको कुजबुजली. "आपलीच म्हणायची."

"आपली कुठली? म्हातारीची आहेत."

"मग आपली कुठं आहेत?"

लोहारानं कोठाऱ्याकडे पाहिलं. कोठारी छताकडे पाहत होता. आणि लोहाराचं डोकं जन्मात पहिल्यांदाच गार पडलं.

त्यानं पोती गाडीत भरली. हलगी लावली. चावडीवर गाव गोळा झालं आणि "बघा, मिळालं की नाही" म्हणत एकमेकांना ढोसू लागलं. लोहारानं गाडी थांबवली आणि गर्दीतल्या म्हातारीला हाक मारली.

"आजी, ही तुमची पोती. घरी न्या. माझी पेवात आहेत म्हणे, ती मी आत्ता काढतो."

"वेड लागलंय ह्याला," मागून धावत आलेला कोठारी म्हणाला. "पेवात वाफ आहे."

"मग दिवा सोडून बघू. विझला तर वाफ आहे, मी घरी जातो."

आणि गाव कुणावर चिडलं असेल? लोहारावर. भल्या माणसावर संशय घेतो म्हणून. पाटील तर म्हणाले, "दिवा सोडणं म्हणजे कोठाऱ्याचा अपमान आहे." लोहारानं अपमान करायचं ठरवलं. वेशीजवळ जाऊन पहारीनं झाकण सरकवलं, पणतीला दोरी बांधली आणि आत सोडली.

पणती खाली गेली. आणखी खाली गेली. कोठारी मनात म्हणत असेल, विझ बाई, विझ. पण ती मेली ऐटीत जळत राहिली. धान्यच नाही, तर वाफ यायची कुठून? तळाला पोचली तेव्हा सगळ्या गावानं वाकून पाहिलं. खाली एक उंदीर होता, तोही उपासमारीनं मेलेला.

जोंधळा कधीच परगावच्या व्यापाऱ्यांना विकून झाला होता. कोठाऱ्याच्या वाड्यातून निघालं ते वाटून घेतलं, पण कुणाला निम्मंही मिळालं नाही. बिल्ले मात्र ज्याचे त्याच्याकडे राहिले.

लग्न झालं. जेवणावळीत आमटी इतकी पातळ, की व्याही तीत आपलं तोंड बघत बसले. वरात परत फिरवायची धमकीही त्यांनी दिली, पण तोवर नवरा मुलगा बोहल्यावरून उठून नवरीशेजारी जेवायला बसला होता. मग व्याही लोहाराला म्हणाले, "तुमचं गावच भोळं. आमच्याकडचा कोठारी बघा. एकाचं दुप्पट देतो. अजून कुणी मागितलं नाही, पण माणूस फार गोड आहे."

लोहारानं कपाळाला हात लावला. लेकीनं मात्र पदर खोचला.

"मामंजी," ती म्हणाली, "माझ्या वाटणीचं मी घरातच ठेवीन. त्यावरून भांडायचं असेल, तर आजच भांडून घेऊ. वरातीला उशीर आहे."

तात्पर्य: आपली ठेव डोळ्यांनी बघायला मागितल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडे ती ठेवू नये, आणि चांगल्यातल्या चांगल्या माणसाकडेही सगळीच्या सगळी ठेवू नये.