ओळंब्याला हाक

अवजारं आपली आपणच घरं बांधत, तेव्हाची ही गोष्ट. पाया घालताना सगळ्यांनी शपथ घेतली होती, की भिंत सरळच उठेल. पुढे थापी मुकादम झाली आणि ती म्हणेल तेच सरळ ठरू लागलं. भिंत सरळ आहे की नाही ते दाखवणारा ओळंबा खुंटीवरून बघत झुरायचा. बोलावल्याशिवाय उतरायचं नाही, असा त्याचा नेम होता.

एके दिवशी तळातली वीट कळवळली, "ओळंबादादा, चिरडतेय हो मी!"

तो दोरीने उतरून भिंतीलगत स्थिर झाला. "भिंत कललीय. उतरवा."

थापी कडाडली, "माझ्यावर हुकूम चालवायचा अधिकार तुला दिला कोणी?"

"हुकूम माझा नाही, थापीबाई. शपथ तुम्हीच घेतली होतीत."

सगळी अवजारं थापीकडे बघू लागली. तिची मान खाली गेली. भिंत उतरली.

ओळंबा खुंटीवर परतला. पलीकडची भिंतही कलत होती. तो तिच्याकडे डोळे लावून बसला. हाक काही येईना.