पेठेतली अनवाणी हत्तीण

हत्ती-घोडे माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या आणि गाव बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालं. पुढे राजा, त्याच्याबरोबर त्याचा घोडा, मागे म्हातारी हत्तीण आणि तिचा माहूत इमाम.

भर पेठेत हत्तीण थांबली, ती हलेचना.

"चल गं माझे माय, ऊन चढतंय," इमाम विनवू लागला.

घोड्याने नवे कोरे नाल फरशीवर आपटले. "चारचौघांत अनवाणी फिरतेस, वर वाट अडवतेस? जरा लाज बाळग! माझे पाय बघ कसे खणखण वाजतात."

"वाजतात खरे," हत्तीण म्हणाली. "ते जरा थांबव. खाली कुणीतरी बोलतंय."

लोक हसले. पण इमाम तिला ओळखून होता. त्याने वहाणा काढल्या आणि तापल्या फरशीवर उभा राहिला. आधी पाय पोळले. मग तळव्यांना बारीक थरथर लागली आणि त्याच्या अंगावर काटा आला.

"महाराज, खाली पाणी वाहतंय!"

राजाने मोजड्या काढल्या. मग साऱ्या पेठेने पायताणं काढली. जमिनीखाली नदी चालली होती आणि इतकी वर्षं सारे तिच्या डोक्यावरून नुसते टापटाप चालत होते. पाठीवरची बिऱ्हाडं हळूहळू खाली उतरली.

एकट्या घोड्याला काहीच कळेना. शेवटी तो गर्दीतल्या लोहारापुढे गेला आणि नाल ठोकून घेताना उचलतो तसा त्याने पाय उचलून धरला.

"काढ," तो म्हणाला.