देवाच्या कुत्र्याची कोरडी भाकरी

"बाबा, कुत्रं तीन दिवस भाकरी खात नाही. दोष कुणाचा?"

रतनगीर बाबा मठाच्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला कुणाचा वाटतो?"

"ठकूमावशींचा," विश्वंभर म्हणाला.

त्याचं उत्तर तयारच होतं. विश्वंभर काशीला शिकून आलेला, मठात येऊनही नऊ वर्षं झालेली. त्याच्याकडे उत्तरं नेहमी तयार असत. प्रश्नांनाच जरा उशीर व्हायचा.

मठ दत्ताचा. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, म्हणून तव्यावरची पहिली भाकरी मठाच्या कुत्र्याची. कोरडी, नुसती, उंबऱ्याबाहेर ठेवायची. त्यानं ती खाल्ली की मग पंगत बसायची. जुना कुत्रा ती दोन घासांत संपवायचा, त्यामुळे असा काही नियम आहे हे कुणाच्या ध्यानातही नसे.

तो हिवाळ्यात गेला. त्याच्या जागी आलं एक तांबूस पिल्लू. आता ते चार महिन्यांचं होतं. तीन दिवस झाले, ते भाकरी तोंडात धरायचं, केकाटायचं आणि टाकून द्यायचं.

तीन दिवस पंगत खोळंबत होती. ऊन कलायला लागलं की बाबा "पाप माझ्या पदरी" म्हणून पहिला घास घ्यायचे, मग बाकीचे जेवायचे.

"पोथीत स्पष्ट आहे," विश्वंभर म्हणाला. "श्वानानं अन्न नाकारलं, तर रांधणाऱ्या हातात दोष. मावशींना मी संध्याकाळपर्यंत जायला सांगितलंय. तुमची परवानगी तेवढी..."

ठकूमावशी दोन वर्षांपूर्वी मठात आली होती. नवऱ्यानं टाकलेली. माहेरी कुणी उरलं नव्हतं. ही चूल सुटली तर तिला दुसरी चूल नव्हती, आणि हे विश्वंभरलाही ठाऊक होतं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

बाबांनी आणखी एक शेंग सोलली.

"पोथीत नीट शोधलंस?"

"त्रिकाळ शोधलं."

"आणि कुत्र्यात?"

"कुत्र्यात...?"

"त्याच्या तोंडात."

विश्वंभर पाऊलभर मागे सरला. "बाबा, मी सोवळ्यात आहे."

"हं..." बाबा म्हणाले, आणि शेंगा सोलत राहिले.

दुपारी पत्रावळी मांडल्या. ठकूमावशीनं भाकऱ्या केल्या, हात धुतले आणि आपलं गाठोडं आणून दारापाशी ठेवलं. पहिली भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवली.

पिल्लू धावत आलं. त्यानं भाकरी तोंडात धरली.

केकाटलं. भाकरी खाली पडली.

"बघा!" विश्वंभर म्हणाला.

ठकूमावशी इतके दिवस गप्प होती. आता जायचंच होतं, तर गप्प राहून काय मिळणार होतं?

"बाबा, म्या पयल्याच दिशी सांगितलं व्हतं ह्या म्हाराजास्नी. हिरड्या सुजल्यात त्याच्या. थंड ताकात कुस्करून देते म्हनलं. तर म्हनले, मावशी, तुम्ही चुलीपुरतं बघा."

"पहिली भाकरी कोरडीच द्यायची," विश्वंभर म्हणाला. "नियम आहे."

"कुणी केला?" बाबांनी विचारलं.

"आपल्याच गुरुमहाराजांनी."

"खरंय." बाबांनी मान डोलावली. "त्यांच्या कुत्र्याला दात होते."

पंगतीत कुणीतरी खुदकन हसलं. विश्वंभर हसला नाही.

"पोथी आण तुझी," बाबा म्हणाले.

त्यानं लाल बासनात बांधलेली पोथी आणली. बासनाचं एक टोक फाटलेलं होतं.

"हे काय?"

"परवा या पिल्लानं ओढून चघळलं. मी गंगाजल शिंपडलं." मग त्याचा आवाज जरा उजळला. "पण देवाची कृपा बघा. बासनाच्या त्याच घडीत मला एक अक्षत मिळाली. कुंकू लागलेली. मी रोज कपाळाला लावून परत जागेवर ठेवतो."

"बघू."

बाबांनी बासन उलगडलं. पांढरा, लालसर डाग पडलेला, तांदळाएवढा तो दाणा त्यांनी तळहातावर घेतला आणि हात ठकूमावशीसमोर धरला.

"ठकू, हा कुठला तांदूळ गं?"

ती वाकली. तिनं तोंडावर पदर धरला.

"अगं बाई... ह्यो दात हाय, बाबा. दुधाचा."



काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण सहज म्हणतो. इथे तर गडी तीन दिवस कळसा कपाळाला लावत होता. विश्वंभरच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. इतकी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

"मी... मी काय करू, बाबा?"

"त्या रांजणात हात बुडव."

त्यानं बुडवला. पाणी गारेगार होतं.

"आता बस पिल्लाजवळ. बोट घाल तोंडात."

त्यानं एकदा आपल्या सोवळ्याकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे. मग उंबरा ओलांडून तो मातीत बसला.

पिल्लानं आधी कडकडून चावा घेतला. सुईसारखा दात रुतला. विश्वंभर कळवळला, पण त्यानं हात मागे घेतला नाही. हळूहळू पिल्लाला त्या बोटाचा गारवा कळला. डोळे मिटून ते बोट चघळू लागलं. बोटाखाली हिरडी गरम लागत होती, टम्म सुजलेली.

"इतकं दुखत असताना..." विश्वंभर म्हणाला. "इतकं दुखत असताना हे रोज भाकरीपाशी येत होतं, बाबा."

"भूक होती त्याला."

"आणि मी दोष शोधत होतो."



ठकूमावशीनं न सांगता आतून गार ताकाची वाटी आणली. त्याच भाकरीचा तुकडा मोडून विश्वंभरपुढे ठेवला. त्यानं तो उजव्या हातात घेतला, आणि अडला.

"मावशी, कुस्करायची किती?"

नऊ वर्षांत त्यानं तिलाच काय, मठात कुणालाही असा प्रश्न विचारला नव्हता.

"लई बारीक. तान्ह्या लेकराला देत्यात तशी."

त्यानं भाकरी ताकात कुस्करली. पिल्लानं बोटावरचा पहिला घास चाटला. थांबलं. मग दुसरा, मग तिसरा. शेपूट हलायला लागलं.

पंगतीला हायसं वाटलं. आतून कुणीतरी मोठ्यानं दत्ताचा जयजयकार केला आणि वाढायला सुरुवात झाली.

विश्वंभर मात्र खाली मान घालून बसला होता. पिल्लाचं पोट भरलं, तरी त्यानं बोट सोडलं नव्हतं. मधूनच ते जोरात चावायचं. बोटातून रक्त आलं होतं.

"मावशी, माझं चुकलं," तो म्हणाला. "तुम्ही जाऊ नका. गाठोडं खरं तर मी बांधायला हवं, बाबा. मी या मठाच्या लायकीचा नाही."

बाबा उठले. ठकूमावशीचं गाठोडं त्यांनी स्वतः उचललं आणि आत चुलीपाशी नेऊन ठेवलं. येताना एक पत्रावळ वाढून आणली आणि विश्वंभरच्या शेजारी मातीत ठेवली.

"जेव."

"कसा जेवू? हा बोट सोडत नाही. काढायला गेलो की रडतो."

"मग काढू नकोस."

"चावतो, बाबा. दुखतं." विश्वंभरनं वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "असं किती दिवस बोट द्यायचं?"

"याला? दोन-तीन महिने."

बाबा त्याच्याजवळ खाली बसले. भाकरीचा एक घास मोडून त्यांनी त्याच्या तोंडापाशी धरला.

"तुला बोट दिलंय, त्याला नऊ वर्षं झाली. मी काढलं का?"