फक्कीची भिंत

“मधे भिंत कशाला?” भैरवगीर बाबांनी विचारलं.

मठाच्या माळावर चुन्याच्या फक्कीनं इमारत आखून झाली होती. पुढे बायकांना शिवणकाम शिकवायची खोली, मागे त्यांच्या पोरांचं पाळणाघर. दुसऱ्या दिवशी पाया खणायचा होता.

प्रल्हाद मठातच लहानाचा मोठा झालेला. शहरात जाऊन आर्किटेक्ट झाला. ही आखणी त्याचीच. आजवर पुष्कळांनी वाखाणलं त्याला. बाबांनी अजून एकदाही नाही. तेवढ्यासाठीच तो आला होता.

“आवाज अडायला, बाबा. पोरं रडली की बायांचं शिकण्यात चित्त लागत नाही. दुप्पट जाडीची भिंत घेतलीये. पलीकडचं हूं की चूं ऐकू येणार नाही.”

“आणि दार?”

“त्या टोकाला. वळसा पडतो, पण मुद्दामच. नाहीतर बाया सारख्या उठतील.”



बाबांनी तिमाबाईला हाक मारली. ती शेजारच्या खाणीवर दगड फोडायची. गेल्या पावसाळ्यात तिचा थोरला पोरगा खाणीच्या कुंपणापलीकडच्या पाण्यात बुडाला. तेव्हाच बाबांनी हा माळ पाळणाघराला देऊन टाकला होता.

धाकट्या लेकीला कडेवर घेऊन ती आली.

“पोरीला तिकडं निजव, तिमा. तू इकडं बस. पाठ करून.”

तिनं पाळणाघराच्या चौकोनात खांद्यावरची गोधडी अंथरली, लेकीला ठेवलं, आणि रेघेच्या अलीकडे येऊन बसली.

लेक रडायला लागली. तिमाबाई हलली नाही.

“का गं, उठली नाहीस?”

“रडतीया म्हंजी हाय की, बाबा.”

प्रल्हाद हसला. “बघा, रडणं ऐकूनही बसली. भिंत झाल्यावर तर प्रश्नच नाही.”



रडणं हळूहळू बारीक झालं… थांबलं.

तिमाबाई ताडकन उठली. वळली, आणि सरळ लेकीकडे निघाली.

“ओ ताई,” प्रल्हाद सवयीनं बोलून गेला, “तिथं भिंत आहे. दार तिकडून.”

ती थबकली. रेघ पावलाशी होती. शिकल्यासवरल्या साहेबानं आखलेली. तिनं लुगडं वर खोचलं आणि कडेकडेनं, जवळजवळ पळतच, टोकाच्या दारातून आत गेली.

लेक अंगठा चोखत निजली होती. तिमाबाईनं वाकून तिच्या नाकाशी बोटं धरली. बराच वेळ धरली…

फक्कीचा एक कणसुद्धा हलला नव्हता.

प्रल्हाद बाबांकडे वळला. “बाबा, माझ्या तोंडून सहज गेलं. तिनं थांबायला नको होतं. नुसती रेघ तर होती.”

बाबा तिमाबाईकडेच बघत होते.

“थोरला बुडाला त्या दिवशीही ती कुंपणाला वळसा घालूनच गेली होती.”