मोगऱ्याच्या कळीतलं नाव

माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून नकुसा नावाची एक इवलीशी मुलगी राहत होती. चार बहिणींवर ही पाचवी. आता पुन्हा मुलगी नको, हे देवाला कळावं म्हणून तिचं नावच नकुसा ठेवलं. बाई गं, काय ही रीत! पुढे वडील गेले. आई गजरे करून विकायची, तेव्हा कुठे चूल पेटायची. पोरं चिडवायची, "नकुसा, नकुसा, खेळायलाही नकुसा!" मग ती आईच्या पदरात तोंड खुपसून मुसमुसायची.

एकदा ती मळ्यात मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती. शेजारच्या गुलाबावर काहीतरी लुकलुकलं. बघते तर करंगळीएवढी परी! पायात चांदीचे चिमुकले वाळे, आणि मोरपिशी पंख काट्यात अडकून टर्रकन फाटलेला.

"हलू नकोस हं," नकुसा म्हणाली. गजऱ्याच्या मऊ दोऱ्यानं तिनं तो पंख अलगद शिवला.

परीनं पंख फडफडवला, तशी सोनेरी धूळ झिरमिर झिरमिर उडाली. "गुणी गं माझी! काय देऊ तुला?"

"मला दुसरं नाव दे. कुणालातरी हवीशी वाटेन असं."

परीनं एका टपोऱ्या कळीवर फुंकर घातली. "हिच्यात 'आवडी' हे नाव आहे. आवडी म्हणजे सगळ्यांची लाडकी. पण नीट ऐक. हे नाव एकदाच देता येतं. कळी उमलायच्या आत ते कानात सांगायचं. आणि आपलं नाव आपण नसतं ठेवायचं, माया करणाऱ्या माणसानं ठेवायचं."

माया करणारी म्हणजे आईच की! नकुसा धूम पळाली.

आई होती पलीकडे शेजारच्या माणिकच्या घरी, त्याच्या लेकीच्या बारशाला. आम्ही साऱ्याजणी तिथेच होतो. फुलांनी सजलेल्या पाळण्यात गुलाबी गुलाबी बाळ झोपलं होतं. आणि बाळाची आजी फणकारत होती, "चौथीही मुलगीच! हिला आत्या नाही, तर नाव तरी कोण ठेवणार? नकुसाच म्हणा, झालं!"

दारातच नकुसाचे पाय थबकले. मुठीतली कळी हळूहळू सैल होत होती. बाळानं झोपेतच ओठांचा चंबू केला. आता हिलाही सगळे हसणार?

आईनं विचारलं, "काय गं, धापा का टाकतेस?"

नकुसानं आईच्या कानात सगळं सांगितलं. आईचे डोळे भरले. "अगं, मग तुझं काय?"

"मला सवय झालीय, आई. तिला नको व्हायला." मग मोठ्यानं म्हणाली, "मी होते हिची आत्या!"

"अगं बाई, केवढीशी ही आत्या!" आम्ही हसलो. पण माणिक म्हणाला, "होऊ दे की, माझी बहीणच ती."

नकुसानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात सांगितलं, "कुर्रर्र... आवडी!" आम्ही रीतीप्रमाणे तिच्या पाठीत लाडानं धपाटे घातले. बाळ खुदकन हसलं, आणि आजीबाईंचं मन विरघळलं की हो! "माझी आवडी गं," म्हणत त्यांनी नातीला उचलून छातीशी धरलं.

तेवढ्यात कळी उमलली. घर घमघमलं आणि पाकळ्यांतून परी वर आली. "सगळ्यांचं ऐकलं, आता माझं ऐका," ती म्हणाली. "ही कुणाची आत्या झाली, तर हिलाही आत्या हवीच. ती मी!" नकुसाच्या कानाशी जाऊन ती गुणगुणली, "कुर्रर्र... वत्सला! लहानग्यांवर माया करणारी, ती वत्सला."

आता आत्याला धपाटे नकोत का? आम्ही एकेका बोटानं परीची पाठ थोपटली. प्रत्येक थोपटीला पंखांतून लाल, पिवळ्या, जांभळ्या चांदण्या सांडल्या. घुगऱ्यांची पाटी काठोकाठ भरली आणि गल्लीभर वाटूनही रिती होईना. ती एका फुंकरीसरशी वत्सलाच्या आईच्या हाती देऊन परी म्हणाली, "तुमच्या घरी ही कधी रिकामी व्हायची नाही."

मग ती खळखळून हसली आणि एका लख्ख झोतात दिसेनाशी झाली.

वत्सलाच्या कानात जसं गोड नाव पडलं, तसंच ही गोष्ट ऐकणाऱ्या चिमण्या कानांतही पडो.