सात झाडांचं अंगण

“मग माझं चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा!”

धुरी गुरुजींनी हे तिसऱ्यांदा विचारलं. भैरवगीर बुवा झोपडीच्या दारात सुपातले तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी एक खडा उचलला, बाजूला टाकला आणि दुसरा शोधू लागले.

“बुवा, सहा झाडं गेली. सातवं पिवळं पडलंय.”

“व्हय.”

“नुसतं व्हय काय? चाळीस वर्षं तुम्ही या राईत राहता. तुम्हाला काहीच वाटत नाही?”

बुवांनी पुढचा खडा उचलला...

गावाच्या खालच्या अंगाला, झऱ्याच्या चिखलात रानजायफळाची सात जुनी झाडं होती. पंचक्रोशीत तेवढीच. लोक त्यांना पाण्याच्या सात देवींवरून साती आसरा म्हणत. घाटावरून हिंडत आलेले हे गोसावी बुवा एका पावसाळ्यापुरते तिथे थांबले, आसरांपुढे दिवा लावू लागले आणि परत जायचं विसरले.

गुरुजींची गोष्ट निराळी. ते शाळेतून निवृत्त झाले आणि देशी झाडांच्या नावानं त्यांनी सगळ्या गावाला कामाला लावलं. चावडीपुढचा गुलमोहर काढला. माळावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ मुळासकट उपटली. दर घराच्या मागच्या परड्यात पाच झाडं लावायला लावली... सुरंगी, उंडी, बकुळ, कोकम, सातवीण. एका लग्नात तर त्यांनी नवरीच्या ओटीत नारळाच्या जोडीला उंडीचं रोप घातलं. लोक पोट धरून हसले, पण रोप लावलं. आज ते छपरापर्यंत गेलंय.

काम चांगलंच होतं. त्यात खोट काढणाऱ्याच्या जिभेला हाड नाही असंच म्हणावं लागेल.

पण चांगल्या कामाची एक खोड असते. ते माणसाला थांबू देत नाही. परडी झाली, माळ झाला, आता राहिल्या साती आसरा. गावातली सगळ्यात थोर देशी झाडं, आणि ती बिचारी चिखलात उभी! बघायला येणारा घोट्यापर्यंत रुतायचा. चिखलातून गुडघ्यासारखी वाकडी मुळं वर आलेली असायची, त्यांना अडखळून म्हाताऱ्या पडायच्या. गुरुजींना ते बघवेना.

देवाला देऊळ, तसा झाडाला पार. आपल्याकडे ज्याचा मान ठेवायचा, त्याच्याभोवती बांधकाम करायचं, ही रीतच आहे.

गावानं अंगमेहनत केली. झऱ्याचं पाणी चर खणून बाजूला काढलं. चिखलात मातीचा भराव घातला. सातही झाडांना चिऱ्यांचे पार बांधले, मधल्या जागेत लाद्या बसवल्या, प्रत्येक झाडापुढे नावाची पाटी लावली. असं अंगण झालं की तिथे जेवायला बसावं. गुरुजी रोज सकाळी स्वतः तिथे झाडू मारत. पान पडलं की उचल, फळ पडलं की उचल.

पहिल्या वर्षी एक झाड शेंड्याकडून वाळलं. गुरुजींनी खत घातलं. दुसऱ्या वर्षी तीन गेली. गुरुजींनी औषध आणलं, पारावर मातीचा आणखी एक थर दिला. यंदा पाचवं गेलं, परवा सहावं, आणि त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत. घरातल्या माणसाचं व्हावं तसं त्यांना त्या झाडांचं दुःख झालं होतं.

“मी काय कमी केलं?” ते आता म्हणत होते. “पोटच्या पोरांचं केलं नाही इतकं या झाडांचं केलं. पानसुद्धा अंगणात पडू दिलं नाही!”

“ते पाहिलं म्या.”

“मग?”

बुवांनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठले. गुरुजींच्या समोर येऊन उभे राहिले आणि डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवून केसांतून मायेनं फिरवू लागले.

गुरुजींचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत बुवांनी कुणाला असं कुरवाळलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मग बुवांनी उजव्या हाताच्या पंजानं त्यांचं नाक आणि तोंड घट्ट दाबून धरलं.

डावा हात डोक्यावरून फिरतच होता. हळूहळू... थोपटत...

गुरुजींना आधी ही थट्टा वाटली. मग श्वास कोंडू लागला. त्यांनी मान हलवली, बुवांचं मनगट धरलं, शेवटी सगळा जोर लावून त्या ऐंशीच्या म्हाताऱ्याला ढकलून दिलं. बुवा सुपावर पडले. तांदूळ मातीत सांडले.

गुरुजी धापा टाकत उभे राहिले.

“म्या लाड करत हुतो,” बुवा पडल्या पडल्याच म्हणाले. “तू ढकललंस. त्यास्नी हात न्हाईत.”

गुरुजींना समजायला एक क्षण लागला. मग त्यांच्या डोळ्यांपुढे ती वाकडी मुळं आली. चिखलात श्वास घ्यायला वर आलेली. म्हाताऱ्यांना अडखळवणारी.

त्यांनी बुवांना हात देऊन उठवलंसुद्धा नाही. झोपडीच्या कुडाला टेकवलेली पहार उचलली आणि अंगणाकडे धावले.

दुपारपर्यंत ते एकटे लाद्या उचकटत होते. सातव्या झाडाचा पार फोडला. वरचा थर काढला, खालचा काढला. हातांना फोड आले, फुटले. शेवटी मुळाचा एक गुडघा लागला. गुरुजींनी बोटांनी माती बाजूला केली आणि त्याला हात लावला.

साल हातात आली. आत सगळं काळं आणि मऊ झालं होतं, कुजक्या वासाचं.

दुसरा गुडघाही तसाच. तिसराही.

बुवा मागे येऊन उभे होते.

“हे वाचेल?”

“न्हाई.”

गुरुजी उकरलेल्या मातीत बसले. दुःख होतंच, पण आता त्याच्यावर राग चढला, आणि तो काढायला समोर एकच माणूस होता.

“तुम्हाला ठाऊक होतं! पहिला चिरा बसला तेव्हाच ठाऊक होतं. तेव्हा तोंड का नाही उघडलंत?”

“तू इचारलंस कवा? तू येऊन सांगितलंस.”

“तरी बोलायचं होतं!”

बुवांनी वाकून त्या काळ्या मुळाला हात लावला.

“व्हय,” ते म्हणाले. “बोलाय पायजे हुतं. एक झाड वाळलं की तू बघशील, असं वाटलं मला... त्येवढं पाप माझं.”

ते म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, आणि गुरुजींचा राग जागच्या जागी विझला. राग होता तोवर बरं होतं, असं त्यांना वाटलं.

“चल,” बुवा म्हणाले.

चर जिथे संपत होता, तिथून खाली वेताची काटेरी जाळी होती. तिथे कुणी झाडू मारला नव्हता, कारण तिथे कुणी जातच नव्हतं. बुवा आत घुसले. त्यांच्यामागून काटे अंगावर घेत, फांद्या मोडत गुरुजी घुसले. पाय चिखलात पोटऱ्यांपर्यंत गेले. कुजलेल्या पानांत डास घोंघावत होते.

बुवांनी बोट दाखवलं.

चिखलात वीतभर उंचीचं एक रोप होतं. चार पानं. एक किड्यानं अर्धं खाल्लेलं. कुठल्या तरी पावसात एखादं बी गुरुजींच्या झाडूतून निसटून इथवर वाहत आलं असावं.

“रानजायफळ!” गुरुजींचा आवाज फुटला. “बुवा, हे आपलंच आहे!”

“हाय.”

“जगेल?”

“ठाव न्हाई.”

“मी जगवीन!” गुरुजी गुडघ्यांवर बसले. त्यांचे रक्ताळलेले हात रोपाभोवती फिरू लागले, आजूबाजूची कुजकी पानं गोळा करू लागले. “आधी ही घाण काढतो. उद्या कुंपण घालतो. किड्याला औषध... वरून सावलीला जाळी. इथवर यायला नीट वाट करून घेऊ. सांगा बुवा, अजून काय करू? तुम्ही सांगाल ते करतो. आज विचारतोय मी!”

बुवांनी त्यांच्या मुठीतली पानं सोडवून घेतली आणि होती तिथे परत टाकली.

“घरला जा, मास्तर,” ते म्हणाले. “आन् जाताना आपली वाट बुजवत जा.”